आठवण गहाण टाकू नये

जुलै १९९१. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. वय तिशीच्या आसपास, बढती नुकतीच मिळालेली. पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या शाखेत सगळ्यात जास्त गर्दी असे ती सोनेतारणाच्या काउंटरवर. बियाणे, खते, मुलांच्या फिया असे सगळे खर्च एकदम अंगावर येत आणि बायका रुमालात बांधून गोठ, पाटल्या, बोरमाळ घेऊन येत. दुपारी गावातला सराफ यायचा, कसोटीवर सोने घासायचा, वजन करायचा, किंमत लिहून द्यायचा. मग दागिने कापडी पिशवीत, पिशवीवर लाखेचे सील आणि पिशवी तिजोरीत. तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, दुसरी हेडकॅशियरकडे.

त्याच दिवसांत देशाचे सोने गहाण पडल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. गावातल्या चहाच्या टपरीवर तोच विषय होता. एक मध्यमवयीन बाई पाटल्या ठेवायला आल्या होत्या. मी पुढे केलेल्या कागदांवर त्यांनी एकामागून एक अंगठे उमटवले आणि बोटाची शाई पुसता पुसता विचारले, ‘‘सायेब, सरकारनं बी सोनं गहाण टाकलं म्हनं. त्यास्नी याज किती पडलं?’’

मला ठाऊक नव्हते. रांगेतली माणसे हसली, मीही हसलो आणि पुढच्या नावाला हाक मारली. तो प्रश्न मात्र मनात राहिला. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, नोकरीतून निवृत्त झालो, पण भारत आता जगातली मोठी आर्थिक सत्ता झाला, जगाच्या कारभारात आपल्याला मानाचे पान मिळाले पाहिजे, असे कुणी म्हणाले की मला त्या बाई आठवतात. कारण ज्या टेबलावर आपण आज मानाने बसू पाहतो, त्याच टेबलापुढे तेव्हा आपण रुमाल सोडून उभे होतो.

त्या वेळी झाले होते ते असे. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. मे महिन्यात सरकारने स्टेट बँकेमार्फत २० टन सोने पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर एका स्विस बँकेला विकले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला पाठवले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. ज्या देशात घरातले सोने गहाण ठेवणे ही शेवटची पायरी मानतात, त्या देशाला ती पायरी उतरावी लागली. वर्षअखेरीपर्यंत ते सोने सुटले, हेही सांगितले पाहिजे. पण ती बातमी छोटी होती. गहाण टाकल्याची चर्चा गावभर होते, सोडवल्याची कुणी करत नाही, हा माझा काउंटरवरचाही अनुभव आहे.

त्यानंतर काळ फिरला. १९९३ नंतर भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले नाही आणि २००० साली जुन्या कर्जाचा शेवटचा हप्ताही फेडला. २००९ साली त्याच नाणेनिधीने सोने विकायला काढले तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०० टन सोने ६७० कोटी डॉलर मोजून विकत घेतले. २०२३-२४ या वर्षात लंडनच्या तिजोरीतले सुमारे १०० टन सोने देशात परत आणले. आकाराने आपली अर्थव्यवस्था जगात पहिल्या पाचांत आली. माणशी उत्पन्न पाहिले तर ते वर्षाला पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या हिशेबात आपण बरेच खाली आहोत. घर मोठे, माणसे पुष्कळ, आणि पानात वाढलेले मात्र थोडे, असा हा संसार आहे. तरीही गावात आपली पत वाढली, हे कुणी नाकारणार नाही.

पत वाढली की माणूस सभेत पुढच्या खुर्चीवर बसू पाहतो. ते योग्यच आहे. पण जगाच्या या सभेत खुर्च्या कशा मांडल्या आहेत, हे आधी पाहू.

ती मांडणी झाली जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स या ठिकाणी, एका मोठ्या हॉटेलात. युद्ध अजून संपायचे होते. ४४ देशांचे प्रतिनिधी जमले होते आणि नाणेनिधी व जागतिक बँक या दोन संस्थांचा आराखडा तिथे ठरला. भारत स्वतंत्र नव्हता, पण भारताचे वेगळे शिष्टमंडळ होते. त्याचे प्रमुख ब्रिटिश अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन. बरोबर षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ, आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेल्या, रोह्याच्या शाळेत शिकलेल्या या माणसाला आपण संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून ओळखतो. जगाच्या आर्थिक घटनेच्या जन्मवेळी ते हजर होते, हे आपल्या फारसे लक्षात नसते.

त्या वेळची परिस्थिती मोठी विचित्र होती. युद्धासाठी ब्रिटनने भारताकडून माल, धान्य, सेवा उचलल्या होत्या आणि त्यांचे पैसे लंडनला खात्यावर मांडून ठेवले होते. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. म्हणजे गुलाम देश सावकार आणि राज्यकर्ता ऋणको! त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये माणसे लाखांनी उपाशी मेली होती. त्या पौंडांमागे केवढा भोग होता हे त्यावरून कळावे. हे थकलेले येणे सुटण्यासाठी नव्या संस्थेने काही वाट काढावी, असे आपल्या मंडळाने परोपरीने मांडले. ब्रिटनच्या बाजूने केन्स होते. हा आमच्या दोघांतला मामला आहे, आम्ही तो आपसात मिटवू, असे सांगून त्यांनी तो विषय बाहेर ठेवला. आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या देशांचा उल्लेख संस्थेच्या उद्दिष्टांत यावा, हा आपला आग्रहही तिथे मान्य झाला नाही.

तरी एक गोष्ट मिळाली. नाणेनिधीत भारताचा कोटा ४० कोटी डॉलरचा ठरला. रशिया त्या संस्थेत आला नाही, म्हणून भारत पहिल्या पाच मोठ्या भागधारकांत गेला आणि स्वतःचा संचालक नेमण्याचा हक्क त्याला मिळाला. एकूण भांडवलात तेव्हा आपला वाटा पाच टक्क्यांहून थोडा जास्त होता. आज तो २.७५ टक्के आहे. स्वातंत्र्य मिळाले, अर्थव्यवस्था कित्येक पटींनी वाढली आणि वाटा निम्म्यावर आला. अमेरिकेचा वाटा साडेसतरा टक्क्यांच्या जवळ आहे, चीनचा ६.४. इटलीची अर्थव्यवस्था आपल्याहून लहान, पण तिचा वाटा ३ टक्क्यांच्या वर, म्हणजे आपल्याहून मोठा!

वाट्याएवढेच महत्त्व नियमाला आहे. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्के मते आहेत. त्यामुळे बाकीचे सारे जग एका बाजूला झाले तरी अमेरिकेच्या मनात नसेल तर निर्णय होत नाही. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत एका सभासदाच्या संमतीवाचून पाण्याची टाकीसुद्धा बदलता येऊ नये, तशातला हा प्रकार. २०१० साली वाटे थोडे बदलायचे ठरले, ते अमलात यायला २०१६ उजाडले, कारण अमेरिकन काँग्रेसची मंजुरी पाच वर्षे अडून राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा ठराव झाला, तो असा की सर्वांचा कोटा ५० टक्क्यांनी वाढवावा, पण वाटणी होती तशीच ठेवावी. सोसायटीची वर्गणी दीडपट, मते तेवढीच.

जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेच्या पसंतीचा आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपातला, हा अलिखित संकेतही पहिल्यापासून चालत आला आहे. जून २०२३ मध्ये अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याकडे आनंद झाला. त्यांचा जन्म खडकीचा, तेव्हा पुणेकरांना तर विशेषच. आनंद व्हावा, पण बंगा अमेरिकन नागरिक आहेत आणि त्यांचे नाव अमेरिकेच्या अध्यक्षांनी सुचवले होते, हे विसरू नये. माणूस खडकीचा, खुर्ची वॉशिंग्टनचीच.

सुरक्षा परिषदेची कथा याहून वेगळी नाही. १९४५ साली ठरलेले पाच कायम सभासद अजून तेच आहेत. भारत आठ वेळा निवडून जाऊन दोन-दोन वर्षे बसून आला. शांतिसेनेत आजवर आपले सुमारे २ लाख ९० हजार जवान जाऊन आले. माणसे धाडायला आपण, नकाराधिकार मात्र इतरांकडे. तेव्हा आपली तक्रार खोटी नाही, ती पुन्हा पुन्हा मांडलीच पाहिजे. इथपर्यंत माझे कुणाशी मतभेद होतील असे वाटत नाही.

मतभेद पुढे आहेत. खुर्ची मिळाली तर तिच्यावर बसून आपण काय करणार, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही. मान मिळवणे हाच हेतू, असे समजून आपण थांबतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीला जी-२० ची परिषद झाली. त्याआधी वर्षभर गावोगावी बैठका झाल्या, पुण्यातही भिंती रंगल्या. त्या झगमगाटात एक खरे मोलाचे काम झाले. ५५ देशांच्या आफ्रिकन युनियनला भारताच्या पुढाकाराने त्या गटाचे कायम सभासदत्व मिळाले. ज्यांना खुर्चीच नव्हती त्यांच्यासाठी आपण सरकून जागा केली. रंगवलेल्या भिंती पावसाने धुऊन निघतात, असे काम टिकते.

खुर्चीचा अर्थ काय, हे समजण्यासाठी एक बारीक गोष्ट सांगतो. नाणेनिधीच्या संचालक मंडळात भारताचा जो संचालक बसतो, तो एकट्या भारताचा नसतो. भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान या चौघांची मिळून ती एक खुर्ची आहे. आपण तिथे बोलतो तेव्हा ढाका, कोलंबो आणि थिंफूच्या वतीनेही बोलतो. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने बाहेरच्या बैठकीत जावे तसे हे आहे. मग घरातल्या बाकीच्यांना या कर्त्याचा अनुभव काय आहे?

एक अनुभव फार चांगला आहे. २०२२ साली श्रीलंकेकडे डॉलर संपले. पेट्रोलसाठी रांगा लागल्या, औषधे मिळेनात, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आपली १९९१ ची अवस्था त्यापुढे बरी म्हणावी. एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवल्याचे जाहीर केले. त्या वर्षी भारताने इंधनासाठी, अन्न-औषधांसाठी कर्ज, चलनाची अदलाबदल, थकलेल्या देण्याला मुदतवाढ असे सगळे मिळून सुमारे ४०० कोटी डॉलरचे साहाय्य केले. नाणेनिधीची मदत मिळण्यासाठी जुन्या सावकारांनी ‘आम्ही कर्जाची फेररचना करू’ अशी हमी द्यावी लागते. जानेवारी २०२३ मध्ये ती लेखी हमी सर्वांत आधी दिली भारताने. पुढे फ्रान्स आणि जपान यांच्याबरोबर आपण सावकारांच्या समितीचे सहअध्यक्ष झालो. चीनच्या बँकेने आपला करार वेगळा केला.

चीनचे नाव निघाले म्हणून थोडे थांबतो. श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर चीनने कर्जापोटी जप्त केले, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. बँकेत काम केलेल्या माणसाने तरी ते म्हणू नये. २०१७ साली ते बंदर ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले हे खरे, पण त्यातून आलेले ११२ कोटी डॉलर श्रीलंकेने परकीय गंगाजळी सावरायला घेतले. बंदरासाठी घेतलेले कर्ज त्यामुळे फिटले नाही. त्या देशाचे मोठे ओझे आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचे होते. चीनचा दोष वेगळ्या जागी आहे. त्याच्या कर्जकरारांत गुप्ततेची कलमे असतात, आणि सर्व सावकारांनी एकत्र बसून थोडे थोडे नुकसान सोसण्याची वेळ आली की तो चालढकल करतो. झांबिया या आफ्रिकी देशाचे हप्ते नोव्हेंबर २०२० मध्ये थकले आणि सरकारी सावकारांशी तडजोड ठरली जून २०२३ मध्ये. चीन त्यांत सर्वांत मोठा. अडीच वर्षे एका गरीब देशाचा संसार कोर्टातल्या तारखांसारखा लोंबकळला.

आणखी एक पाहा. पाश्चात्त्यांच्या संस्था आम्हाला न्याय देत नाहीत म्हणून चीनने बीजिंगला आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक काढली. २०१६ साली ती सुरू झाली. भारत तिचा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे आणि कर्ज घेण्यात तर पहिल्या क्रमांकाचा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या कामांसाठी २०१९ साली तिने ५० कोटी डॉलर मंजूर केले. बँक चांगली चालते. पण तिथे मोठ्या निर्णयांना ७५ टक्के मते लागतात आणि एकट्या चीनकडे २६ टक्क्यांच्या वर मते आहेत! वॉशिंग्टनच्या वहीतले गणित बीजिंगच्या वहीत उतरले. कादंबरीकार म्हणून मला याचे आश्चर्य वाटत नाही. सासूने छळलेली सून पुढे सासू होते तेव्हा काय करते, यावर आपल्या साहित्यात थोडे का लिहिले गेले आहे?

पण ही टीका करताना आपली वही उघडायला हवी. आपणही मुंबईच्या एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या देशांना सवलतीची कर्जे देतो. त्यांत साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घेण्याची अट असते. आपल्या कारखान्यांना काम मिळावे ही इच्छा गैर नाही. पण पूर्वी पाश्चात्त्य देश आपल्याला अशाच अटींवर मदत देत, तेव्हा आपण त्याला काय म्हणत होतो, ते आठवावे.

आणि कांदा! सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस आपण कांद्याची निर्यात एका फर्मानाने बंद केली. काही दिवसांतच बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. भर सभेत त्या हसत हसत म्हणाल्या की आमच्याकडे कांद्याचे हाल झाले, मी माझ्या आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे, पण असे काही करायचे होते तर आधी कळवायला हवे होते. सभा हसली. मला ते वाचून काउंटरवरच्या बाईंच्या प्रश्नावर हसलेली रांग आठवली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. ढाक्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तान, इजिप्तपर्यंत कांदा शोधला. आणि इकडे लासलगावच्या बाजारात काय झाले? भाव कोसळले, लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. नाशिकचा शेतकरी आणि ढाक्याची गृहिणी, दोघांचेही नुकसान एकाच फर्मानाने केले.

तांदळाचे तसेच. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे ४० टक्के माल भारताचा असतो. जुलै २०२३ मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. गरजू देशांना सरकारी मार्गाने देण्याची सोय ठेवली होती, हे मान्य. तरी एवढ्या मोठ्या दुकानदाराने फळी लावली की पेठेत भाव चढणारच, आणि ते पश्चिम आफ्रिकेतल्या हातावर पोट असणाऱ्याने मोजले. लशींची गोष्ट अधिक अवघड. जानेवारी २०२१ मध्ये आपण शेजाऱ्यांना लस पाठवायला सुरुवात केली, त्याचे जगभर कौतुक झाले. मग दुसरी लाट आली, आपलीच माणसे प्राणवायूवाचून तडफडू लागली आणि पुण्याहून बाहेर जाणारी लस थांबली. त्या क्षणी दुसरे काही करता आले नसते, असे मलाही वाटते. पण आफ्रिकेत पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत बसलेल्या परिचारिकेच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर ‘जगाचा औषधालय’ हे बिरुद केवढे ओझे आहे ते कळते.

नेपाळचेही एक शल्य आहे. २०१५ च्या अखेरीस सीमेवर इंधनाच्या गाड्या महिनोन् महिने अडकल्या. आम्ही नाकेबंदी केलेली नाही, असे आपले सरकार म्हणत होते. काठमांडूच्या घरांत मात्र गॅस नव्हता आणि लोक लाकडावर स्वयंपाक करत होते. भूकंप होऊन सहा महिनेही झाले नव्हते. कुणाचे खरे, हा वाद मुत्सद्द्यांनी करावा. चुलीच्या धुरात डोळे चोळणाऱ्या बाईने काय लक्षात ठेवले असेल, हे आपल्यापैकी कुणालाही सांगता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आपल्याच देशात ८० कोटी माणसांना फुकट धान्य द्यावे लागते, आधी घरचे पाहावे. जरूर पाहावे. पण घरचे पाहणे आणि शेजाऱ्याला आधी कळवणे यांत विरोध कुठे आहे? आधी ठरवलेला, सर्वांना ठाऊक असलेला नियम असता तर लासलगावचा शेतकरीही वाचला असता. लहरीपणाचा पहिला फटका घरच्यांनाच बसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. बडे देश स्वतः नियम पाळत नाहीत, मग आपणच का सोवळे नेसावे? खरे आहे. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिकेने सभासदांच्या नेमणुका अडवल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा सुरत, तिरुपूरच्या कारखान्यांत काय कळा आली ते आपण वाचले. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? अचानक दार बंद झाले की कसे वाटते, हे आपल्याला त्या दिवशी पुन्हा कळले. नियम हे मुळात दुबळ्याचे संरक्षण असतात. बलवानाला त्यांची गरज वाटत नाही. आपण आज अशा जागी आहोत की अमेरिकेपुढे दुबळे आणि नेपाळपुढे बलवान. एका हाताने न्याय मागायचा आणि दुसऱ्या हाताने तो नाकारायचा, हे फार दिवस चालत नाही. पंचक्रोशीत लगेच बोभाटा होतो.

कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जाखाली शेरा लिहीत असू, तसा थोडक्यात लिहितो. भारताने नाणेनिधीतला वाटा, सुरक्षा परिषदेतली जागा हक्काने मागावी, रडगाणे न गाता मागावी. त्याबरोबर स्वतःहून तीन गोष्टी कराव्यात. आपण ज्या ज्या देशाला कर्ज देतो त्याच्या अटी, व्याज, मुदत सगळे जाहीर करावे. अन्न आणि औषध यांची खिडकी बंद करायची वेळ आली तर शेजाऱ्यांना आधी सांगावे आणि त्यांच्यासाठी ठरावीक कोटा राखून ठेवावा. आणि कुणी ऋणको बुडायला लागला तर श्रीलंकेच्या वेळी केले तसे, सर्वांच्या आधी आपला तोटा सोसायला पुढे यावे. यासाठी कुणाच्या ठरावाची, कुणाच्या ८५ टक्के मतांची गरज नाही. उद्यापासून करता येईल.

शेवटी त्या बाईंचे सांगतो. त्यांनी पाटल्या वर्षभरात सोडवून नेल्या. बारा-तेरा वर्षांनी माझी बदली पुन्हा त्याच गावी झाली, आता मॅनेजर म्हणून. एका बचत गटाला कर्ज द्यायचे होते, तपासणीसाठी वस्तीवर गेलो तर गटाच्या अध्यक्ष त्याच. त्यांनी मला ओळखले. गटाची बैठक चालू होती. एक शाळकरी पोर नोंदवही मोठ्याने वाचत होती, कुणी किती घेतले, व्याज किती, हप्ता कधी. शब्दन् शब्द. निम्म्या बायकांना हे सारे पाठ असणार. मी म्हटले, ‘‘दर वेळी सगळे वाचता? वेळ जातो की.’’

त्या म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या की वेळ. माज्या पाटल्या ठिवल्या तवा तुमी पाच कागदांवर आंगठं घेतलं. येक बी वाचून दावला न्हाई. मी याज इचारलं ते सरकारचं नव्हं, माजं इचाराया लाज वाटली म्हून.’’

मी गप्प राहिलो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या मला चहा प्यायचा आग्रह करत होत्या. पण तेरा वर्षांनी माझे उत्तर मला तिथे वाचून दाखवले गेले. अंगठा देताना काय वाटते ते त्या विसरल्या नव्हत्या, आणि हाती वही आली तेव्हा त्यांनी ती इतरांसाठी उघडी ठेवली. आपल्या देशाच्याही हाती आता वही येते आहे.